राहून गेलेली चांदणी

दमधर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव चारचौघांसारखं, पण हॉस्पिटलच्या हजेरीपुस्तकाबाहेर ते कुणाच्या तोंडी नसायचं. कुणी धावत येऊन "स्क्रीन अडकली हो!" किंवा "अक्षरं नाचायला लागलीत" असं ओरडलं, की हा हातातलं काम न सोडता म्हणायचा, "जरा दम धरा." एक्स-रे विभागातल्या कुणीतरी चिडून त्याला दमधर म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलं. पुढे मोठे साहेबसुद्धा "दमधरला बोलवा" म्हणायला लागले, आणि एकदा तर घरी आलेल्या पत्रावरही तेच नाव होतं. त्याच्या बायकोने ते पत्र त्याच्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "घ्या, आता मलाही आडनाव बदलायला लागणार."

हॉस्पिटलात यायच्या आधी तो टेलिप्रिंटर दुरुस्त करायचा. मोठी डिग्री नाही, शिफारस नाही. हात मात्र शहाणे होते आणि कंटाळा म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. हॉस्पिटलच्या तळघरात नवा कंप्युटर बसवला तेव्हा त्याच्या तारांची देखभाल करायला कुणीतरी हवं होतं, म्हणून याला घेतलं. कंप्युटर एकच, पण त्याला जोडलेली टर्मिनलं सतरा, आणि त्या सतरांच्या जाती नऊ! हॉस्पिटलाने ती कशी जमवली ते विचारू नका. चार नवी घेतली, पाच एका बंद पडलेल्या कारखान्याने दिली, तीन कॉलेजातून आली, आणि बाकीची कुठून आली ते मोठ्या साहेबांनाही सांगता आलं नसतं.

टर्मिनल म्हणजे एक काच आणि एक कीबोर्ड. स्वतःची अक्कल शून्य. तळघरातून तारेवरून जे येईल ते दाखवायचं आणि बोटांनी दाबलेलं खाली पोचवायचं. एवढं साधं काम, पण ती बनवणाऱ्या कंपन्यांनी आयुष्यात कधी एकत्र चहासुद्धा घेतला नसावा. स्क्रीन पुसायला एकाला एक खूण पाठवावी लागे, तर दुसऱ्याला भलतीच. कर्सर कुठे न्यायचा ते एकाला आधी ओळ आणि मग रकाना असं सांगायचं, दुसऱ्याला आधी रकाना. एकाची खूण दुसऱ्याकडे गेली की ते बिचारं स्क्रीनभर कचरा ओतायचं, नाहीतर नुसतं किंचाळत बसायचं.

सुरुवातीला याने फारसं अडत नव्हतं, कारण जुना एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा आणि सुधारायचा प्रोग्रॅम, फार गरीब होता. तो एका वेळी एकच ओळ दाखवायचा. बारावी ओळ दाखव म्हटलं की बारावी दाखवणार, काढ म्हटलं की काढणार, आणि पुन्हा मागितल्याशिवाय पुढचं काही बोलणार नाही. असल्या एडिटरला कुठलंही टर्मिनल चालायचं, कागदावर छापणारंसुद्धा. मग नवा एडिटर आला. तो सगळं पान एकदम स्क्रीनवर मांडायचा. कर्सर हवा तिकडे न्या, हवं ते खोडा, तुमच्या डोळ्यांदेखत बदल. लोक खूश झाले आणि दमधरच्या नाकी नऊ आले.

कारण या नव्या एडिटरची हुशारी उसनी होती. तो आधी विचारायचा, तुम्ही कुठल्या जातीच्या टर्मिनलवर बसला आहात? उत्तर मिळालं की एक फाइल उघडायचा. त्या फाइलीत प्रत्येक जातीची कुंडली मांडलेली असायची. ओळी किती, रकाने किती, पुसायची खूण कोणती, मधली ओळ काढली तर खालच्या ओळी आपल्या आपण वर सरकतात की नाही. सरकत असतील तर एडिटर नुसती खूण पाठवायचा. सरकत नसतील तर खालचं सगळं पुन्हा लिहून काढायचा, आणि त्या काळच्या तारांवर तेवढ्यात चहाचा कप रिकामा व्हायचा. आणि टर्मिनलबद्दल काहीच ठाऊक नसेल, तर हा एवढा मोठा एडिटर निमूटपणे खाली उतरून जुन्यासारखा एकेका ओळीवर यायचा. त्याच्यातली ही एक गोष्ट दमधरला फार आवडायची. समोरच्याला जेवढं येतं तेवढंच त्याच्याकडून मागायचं, हे त्याला माणसांतही क्वचितच दिसलं होतं.

नऊपैकी चार जातींची कुंडली फाइलीत तयार होती. उरलेल्या पाच दमधरने लिहिल्या. माहितीपुस्तकं निम्म्यांची हरवलेली. मग हा तपकिरी पुठ्ठ्याची वही घेऊन टर्मिनलपुढे बसायचा, एकेक खूण पाठवायचा आणि काय होतं ते बघून लिहून ठेवायचा. शिवाय फाइलीत प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तो एक शेरा मारायचा, तारीख घालून. 'प्रसूती विभाग. उजवा खालचा कोपरा लिहिला की सगळं पान वर घसरतं. कोपरा लिहू नये.' किंवा 'रक्तपेढी. ठळक अक्षरं येतात म्हणतं, येत नाहीत.' ते शेरे कंप्युटर वाचत नाही, फक्त माणूस वाचतो, आणि ती फाइल उघडणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. तरी तो लिहायचा.

आणि एक गोष्ट त्या नोंदींत असायची, ती म्हणजे दम. टर्मिनलं मंद होती. स्क्रीन पुसायला, ओळी सरकवायला त्यांना वेळ लागायचा, आणि तेवढ्यात तारेवरून आणखी काही आलं तर ते हवेत जायचं. म्हणून नोंदीत खुणेशेजारी आकडा लिहायचा. ही खूण पाठवल्यावर इतकं थांब, मग पुढचं पाठव. ओळ काढायच्या खुणेला तर नुसता आकडा पुरत नसे. खाली दोनच ओळी असतील तर टर्मिनल त्या चटकन सरकवतं, वीस असतील तर दसपट वेळ घेतं. ते सांगायला आकड्यानंतर एक चांदणी (*) काढायची. चांदणीचा अर्थ, जितक्या ओळी तितक्या पटीने थांब. चांदणी नसेल तर एडिटर एकाच ओळीपुरता थांबतो.

आता यादीताईंबद्दल. शस्त्रक्रिया विभागाच्या त्या टायपिस्ट. ज्यांची ऑपरेशनं व्हायची आहेत त्यांची यादी त्या सांभाळायच्या, म्हणून यादीताई. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही, धाकट्या बहिणीचं कुटुंब हेच त्यांचं घर. टायपिंगचा वेग असा, की कीबोर्डचा आवाज ऐकून लोक दारात थबकायचे. ऑपरेशन झालं की ते नाव यादीतून काढायचं, नवीन नाव तळाशी घालायचं, आणि सकाळी यादी छापून सर्जनच्या टेबलावर ठेवायची. वरचं नाव आधी बोलावलं जायचं. त्यांच्याइतकी चोख यादी दुसऱ्या कुणाला जमली नसती, हे सगळे मान्य करायचे.

यादीताई जुन्या एडिटरवर आणि कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर खूश होत्या. दमधर त्यांना नव्याची गोडी सांगायला गेला की म्हणायच्या, "मला माझा हाच बरा. विचारल्याशिवाय बोलत नाही आणि जे केलं ते कागदावर राहतं." पण ते टर्मिनल म्हातारं झालं होतं, त्याची शाईची फीत मिळेना. दमधरने महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं. कारखान्याकडून आलेलं एक चांगलं टर्मिनल त्याने मुद्दाम त्यांच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. "ताई, एकदा बसून तर बघा. आवडलं नाही तर मी स्वतः जुनं परत आणून देतो." त्याला त्या आवडायच्या, म्हणजे काही भलतं मनात आणू नका. चांगलं काम करणाऱ्या माणसाला चांगलं हत्यार मिळावं, एवढंच. शेवटी त्या हो म्हणाल्या.

त्या टर्मिनलची नोंद त्याने एका शनिवारी सकाळी लिहिली. ओळ काढायची खूण नोंदीत घातली नसती तरी चाललं असतं. एडिटरने दर वेळी सगळं पान पुन्हा लिहिलं असतं, सावकाश पण बिनचूक. पण यादीताईंच्या बोटांना ते कसं झेपणार? त्यांचं टर्मिनल पळायला हवं, असं त्याला वाटलं. म्हणून खूण घातली, पुढे दमाचा आकडा घातला. मग तपासायला पाच ओळींची फाइल बनवली आणि दोन बोटांनी टुकटुक करत एकेक ओळ काढून पाहिली. सगळं नीट झालं. वर शेरा मारला, 'शस्त्रक्रिया विभाग. उत्तम चालतं.' चांदणी राहिली.

आठ महिने काही झालं नाही. यादीताईंनी जुनं टर्मिनल परत मागितलं नाही. उलट एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं ऐकलं ते बरं केलं हो." दमधर तेवढ्यावर चार दिवस खूश होता.

मग एक गवंडी आला. सोबत त्याची बायको, आणि तिच्या हातात नाव नोंदवल्याची चिठ्ठी. पोटात गाठ होती त्याच्या. महिनाभरात बोलावू असं सांगितलेलं, त्याला अकरा आठवडे झाले होते. ही माणसं घरी वाट बघत बसली, कारण हॉस्पिटलाने थांबा सांगितलं की थांबायचं, एवढंच त्यांना माहीत. यादीत त्याचं नाव नव्हतं. सर्जनने त्याला तपासलं आणि बायकोला बाहेर बसायला सांगितलं. नवव्या दिवशी तो वॉर्डातच दगावला.

चौकशी झाली. रोजच्या फाइलींच्या प्रती तळघरात टेपवर ठेवलेल्या असायच्या. त्या काढून पाहिल्या तर एका मंगळवारी गवंड्याचं नाव यादीत वरून तिसरं होतं, आणि बुधवारी नव्हतं. मधे ती फाइल एकाच माणसाने उघडली होती. त्या दिवशी वरची दोन नावं काढायची होती. काढली गेली तीन.

यादीताई एकच सांगत राहिल्या. "मी दोन नावं काढली. तिसरं वर आलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. फाइल बंद करेपर्यंत ते नाव समोर होतं." इतक्या आठवड्यांपूर्वीचं त्यांना नेमकं कसं आठवतं, असं कुणीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "गवंडी लिहिलं होतं नावापुढे. आमच्या घराचं तेव्हा काम निघालं होतं, म्हणून लक्षात राहिलं." चौकशीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फाइल एक सांगत होती आणि बाई एक. फाइलीला काही स्वार्थ नव्हता.

चौकशीच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, त्या तळघरात उतरल्या. एरवी त्या कधी खाली यायच्या नाहीत, तिथल्या गारठ्याने त्यांचे गुडघे धरायचे. दमधरने खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी कप हातात धरून ठेवला आणि विचारलं, "मला एकच सांगा. असं होऊ शकतं का, की नाव फाइलीतून गेलंय, पण स्क्रीनवर दिसतंय?"

"नाही हो ताई," दमधर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. "स्क्रीन म्हणजे फाइलीचा आरसाच. तिथे दिसतं तेच आत असतं."

"नक्की?"

"नक्की. ही मशीनं मीच लावलीत ना."

त्यांनी मान हलवली. चहा तसाच ठेवून त्या जिना चढून गेल्या. आपण खोटं बोललो नाही, हे दमधरने पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

कारण त्यांचं ते "नक्की?" त्याच्या डोक्यातून जाईना. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत शस्त्रक्रिया विभागात कुणी नव्हतं तेव्हा तो त्यांच्या खुर्चीत बसला. त्या दिवशीच्या यादीची नक्कल उघडली, पानभर, बावीस नावं. वरची दोन नावं काढली. ठीक. पुन्हा उघडली, पुन्हा काढली. ठीकच. मग त्याच्या लक्षात आलं की आपण दोन बोटांनी टायपिंग करतोय. त्याने यादीताईंचा वेग आठवला आणि धडाधड दाबायला लागला. सातव्या खेपेला ते झालं.

पहिलं नाव गेलं, खालची एकवीस वर सरकायला लागली, आणि टर्मिनल त्या सरकवण्यात गुंतलेलं असतानाच दुसऱ्या नावाची खूण येऊन पोचली. टर्मिनलने ती घेतलीच नाही. फाइलीतून दुसरं नाव गेलेलं, स्क्रीनवर मात्र तसंच उभं. कुणाही माणसाला वाटेल की बटण नीट दाबलं गेलं नाही, आणि तो पुन्हा दाबेल. त्यानेही पुन्हा दाबलं. आता स्क्रीनवरून दुसरं गेलं आणि तिसरं वर आलं, अगदी ठसठशीत. स्क्रीन नव्याने लिहून घ्यायचं एक बटण असायचं. 'काही वेडंवाकडं दिसलं तर दाबा' असं तो सगळ्यांना शिकवायचा. पण वेडंवाकडं काही दिसतच नव्हतं. त्याने ते दाबलं. स्क्रीन पुसली गेली, यादी पुन्हा उमटली, आणि तिसरं नाव तिच्यात नव्हतं.

किती वेळ तो तसाच बसून राहिला कुणास ठाऊक. नर्स परत आली आणि "काय हो, जेवला नाहीत?" म्हणाली तेव्हा त्याला तो प्रश्नच समजला नाही. खाली येऊन त्याने फाइल उघडली. आकडा होता. आकड्यानंतर काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो तपकिरी वही घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाला. रात्रभर सगळं ठरवलेलं होतं, कुठून सुरुवात करायची, टर्मिनलवर कसं दाखवायचं. बायकोला काही सांगितलं नव्हतं. तिला सातवा महिना होता. कॉरिडॉरच्या टोकाला पोचला तर खोलीचं दार उघडलं आणि यादीताई बाहेर आल्या. त्याच्याकडे बघून कसंनुसं हसल्या.

"झालं एकदाचं," त्या म्हणाल्या. "दिली सही. माझ्याच हातून झालं म्हणून."

आणि गेल्या. दार उघडंच होतं. साहेबांनी आतून पाहिलं. "ये रे दमधर. काही काम होतं?"

कितीदा त्याने हा क्षण नंतर उलटून पालटून पाहिला. सही झाली होती, पण शाई वाळली नसेल. कागद टेबलावर होता. चार पावलं आत जायचं होतं. नोकरी गेली असती कदाचित, कदाचित नसतीही. डिग्री नसलेल्या माणसाला दुसरी कुणी दिली असती का? घरात येणारं मूल, भाड्याच्या दोन खोल्या, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, असं तो नंतर स्वतःशी म्हणायचा. खरं म्हणजे त्या क्षणी त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. तो नुसता घाबरला होता.

"नाही साहेब," तो म्हणाला. "सहज आलो होतो."

शनिवारी त्याने ती नोंद दुरुस्त केली. एक चांदणी, एकच अक्षर. त्या फाइलीत केलेल्या प्रत्येक बदलावर त्याने शेरा मारला होता, तारीख घालून. यावर मारला नाही.

यादीताईंना काढून टाकलं नाही, हॉस्पिटलाने दया दाखवली. यादी दुसऱ्या कुणाकडे गेली आणि त्यांना कपड्यांच्या कोठारात पाठवलं. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, वॉर्डांना द्यायच्या. अठरा वर्षं त्यांनी चादरी मोजल्या. प्रत्येक गठ्ठा त्या तीनदा मोजायच्या, म्हणून वॉर्डबॉय कुरकुरायचे. दमधर त्या बाजूने जायचं टाळायचा. कधी समोरासमोर आलेच तर त्या विचारायच्या, "काय दमधर, लेक काय म्हणते?" आणि तो म्हणायचा, "मजेत आहे ताई." लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, तरी उत्तर तेच.

बायकोला त्याने सांगितलं ते लेक दहा वर्षांची झाल्यावर. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, मग सांगून या ना त्यांना." तो म्हणाला, जाईन. त्यानंतर वर्षातून एकदा तरी, भाजी निवडताना म्हणा, कपडे वाळत घालताना म्हणा, ती मधेच विचारायची, "आलात का सांगून?" शेवटच्या आजारपणात तिची वाचा गेली होती. एका दुपारी तिने त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्याने मान खाली घातली. तिने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि चौथ्या दिवशी ती गेली.

त्यालाही चार वर्षं झाली. टर्मिनलं तर केव्हाच भंगारात गेली होती, दमधरने स्वतः ती उचलून गाडीत भरली होती. एकदा लेक आली होती तेव्हा ती लॅपटॉपवर काम करत बसली. स्क्रीनवर एक काळी खिडकी, तिच्यात पांढरी अक्षरं. तो मागे उभा राहिला. "यात अजून ती फाइल असते का गं?" त्याने विचारलं. "कसली फाइल बाबा?" त्याने सांगितलं तसं तिने शोधून उघडली. होती. हजारो नोंदी, जगात आता कुठेही नसलेल्या टर्मिनलांच्या. लेक हसली. "गंमत म्हणजे ही खिडकी अजून एडिटरला सांगते, की मी एक जुनं टर्मिनल आहे म्हणून." त्याला त्यात गंमत वाटली नाही. त्याने एक नाव सांगितलं आणि तिने ते शोधलं. कारखान्याकडून आलेल्या त्याच टर्मिनलची नोंद होती ती, दूर कुठल्यातरी शहरातल्या कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली. ओळ काढायची खूण, मग आकडा, आणि आकड्यानंतर चांदणी.

कुणीतरी त्याच यंत्रापुढे बसून ते नीट पाहिलं होतं. पानभर मजकूर घेऊन, भरभर दाबून. इतकं काही अवघड नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो यादीताईंच्या दारात उभा होता. दार त्यांच्या भाचीने उघडलं. ती कामावर निघायच्या गडबडीत होती. "या काका, बसा. मावशी येतेच आहे, गॅस बघतेय. तीनदा बघते. मग खिडक्या तीनदा. माझा तर जीव मेटाकुटीला येतो." आणि आत ओरडली, "मावशी, हॉस्पिटलातले काका आलेत. मी निघते गं."

यादीताई आल्या. वाकल्या होत्या, पण नजर तीच. "दमधर! वाट चुकलात की काय?"

त्याने सगळं सांगितलं. त्याला भीती होती की त्यांना ते समजावून सांगावं लागेल, पण त्यांना अर्ध्यातच समजलं. कीबोर्डवर त्यांनी आयुष्याची पंधरा वर्षं काढली होती. तो सांगत असताना त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट मांडीवर हललं. एकदा, मग लगेच पुन्हा. मग थांबून, पुन्हा.

"म्हणजे मी पाहिलं ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"नाव समोर होतं."

"होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि त्याच्या मनात आलंसुद्धा. "गुरुवारी," तो म्हणाला. "तुम्ही बुधवारी खाली आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"सही मी शुक्रवारी केली."

"हो."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "चौकशीवाले मला म्हणत होते, सही कर, सही कर, आणि मी तीन आठवडे अडून बसले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणत होते. मग तुमच्याकडे आले. म्हटलं, याला माहीत असेल. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी केली सही. माझे डोळे एक सांगत होते आणि तुम्ही एक. मी तुमचं धरलं."

"ताई, मी..."

"त्या गवंड्याच्या बायकोकडे जायचे मी. सहा वर्षं. दर महिन्याला. माझ्या हातून झालं, असं तिला सांगायचे. सुरुवातीला ती रडायची. मग नुसती बसून राहायची. मग एकदा म्हणाली, बाई, तुम्ही आलात की तो परत मरतो, येऊ नका. त्यानंतर नाही गेले."

"कुठे असते ती? मी जातो. तिलाही सांगतो."

"आता नाही ती."

दमधरने हात जोडले. माफी हा शब्द तोंडात आला होता, पण त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"जरा दम धरा," त्या म्हणाल्या.

आणि बसून राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला. खालून भाजीवाला ओरडत गेला, वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवलं. यादीताई आपल्या उघड्या तळहातांकडे बघत होत्या. शेवटी त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि दार उघडून धरलं.

"या आता," त्या म्हणाल्या.

तो बाहेर पडला. मागे दार लागलं. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर तो थांबला, कठड्याला धरून. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग काही नाही. त्याला वाटलं, एवढं तरी झालं, कडी एकदाच लागली. तो एक पायरी उतरला, आणि कडी पुन्हा वाजली, कुणीतरी हलवून बघितल्यासारखी. मग पुन्हा.